हिरवं म्हणजे कच्चं

भाट्ये गावच्या सुजय नागवेकरच्या बोटांना स्वस्थपणा ठाऊक नव्हता. पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर तो घरी बसून सांभाळायचा. एकाच स्क्रीनचे कप्पे पाडून प्रत्येकात वेगळा सर्व्हर उघडून देणारा टी-मक्स नावाचा प्रोग्राम हे त्याचं हत्यार, आणि व्यसनही तेच. आज हा शॉर्टकट, उद्या तो. सकाळी लावलेला रंग दुपारी डोळ्यांत खुपायचा. काही बंद करायचं झालं की टी-मक्स ‘नक्की ना?’ म्हणून विचारायचा, तर ते विचारणंही त्याने काढून टाकलं. हौसेला मोल नाही म्हणतात. एवढी घाई कसली होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी राहण्याचं कारण मात्र पक्कं होतं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, दिसेनासं झालं होतं आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. साहेबांनी घरून काम करू दिलं ते एका अटीवर: त्याच्या हातून एक जरी घोटाळा झाला, तरी बाडबिस्तरा घेऊन पुण्याला यायचं.

त्या मंगळवारी त्याने पुन्हा रंग बदलले. कलमांच्या बागेत वाढलेला माणूस तो. चाचणीच्या सर्व्हरला त्याने कैरीचा हिरवा दिला आणि लोक वापरत असलेल्या चालू सर्व्हरला अढीत पिकलेल्या आंब्याचा पिवळा. हिरवं ते कच्चं, पिवळं ते तयार. यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं.

दहा वाजता त्याची सहकारी, नागपूरची ईशा, तिकडूनच नेटवरून त्याच स्क्रीनवर कामाला आली. नोकरीत तिला जेमतेम महिना झाला होता. तिने हिरवं म्हणजे चालू असं धरलं, चाचणीचा समजून पिवळ्या कप्प्यात गेली आणि बंद करायची कळ दाबली. टी-मक्सने काही विचारलं नाही. त्या सर्व्हरवर चालणारी बारा दवाखान्यांतली रुग्णांची नोंदणी तासभर ठप्प झाली.

मीटिंगमध्ये ईशाने सरळ कबूल केलं की कळ तिनेच दाबली. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सुजयचा माइक बंद होता. तो शॉर्टकटची फाइल उगाच उघडत होता, मिटत होता. गप्प राहिलं तर त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. शेवटी त्याने माइक सुरू केला.

"तिला काढू नका, सर. आमच्याकडे हिरवं म्हणजे कच्चं. रंग मी लावले आणि तिला सांगितलंच नाही. ‘नक्की ना’ विचारायचं, तेही मीच काढून टाकलं होतं."

साहेबांनी अटीची आठवण करून दिली. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं ठरलं.

आप्पा दाराशीच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्या पोरीची नोकरी ऱ्हायली ना?"

सुजय हो म्हणाला.

"मग बरा झाला."

आप्पा उठले. सुजयने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि भिंत चाचपत ते एकटेच अंगणाच्या पायऱ्या उतरू लागले.

"ऱ्हा तिथंच," ते म्हणाले. "सोमवारच्या आत जमाया हवा मला."