वाइंडरमामांची चिठ्ठी

वाइंडरमामांचा डावा हात मी फारसा पाहिलाच नाही. तो कायम पँटच्या खिशात. विजेपुढे दोन्ही हात नेले की ती एकातून शिरते, दुसऱ्यातून जाते आणि वाटेत काळीज लागतं, असं ते सांगायचे. इथवर ठीक आहे हो, पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे हात जोडून उभे आणि हे एक हात खिशात घालून! साडीला खिसा नसतो म्हणून मला त्यांनी डावा हात पाठीमागे धरायला लावला होता. पुढे मी भाजी फोडणीला टाकतानाही तसाच धरायला लागले.

दहिवलीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत तार नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान होतं. मी खालापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेचा पंखा जळला म्हणून घेऊन गेले, तर कोपऱ्यात कंबरेएवढी कॉइल उभी. पीव्हीसी पाइपावर तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे आणि डोक्यावर दोन पराती तोंडाला तोंड लावून केलेली टोपी. "ही काय करते?" मी विचारलं. मामांनी शटर ओढलं, बटण दाबलं. टोपीतून जांभळी ठिणगी कडकडत निघाली आणि समोरच्या अर्थिंगच्या सळईला जाऊन भिडली. पंख्याचं मी विसरूनच गेले.

मग दर रविवारी दुपारी आमची शर्यत. मामा आठवडाभर कॉइलमध्ये काहीतरी बदल करायचे. ठिणगी किती लांब जाईल ते दोघांनी चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग बटण बंद करून सळई थोडी मागे सरकवायची, पुन्हा चालू, पुन्हा बंद, ठिणगी पोचेनाशी होईपर्यंत. शेवटच्या पोचलेल्या जागेपर्यंतचं अंतर माझ्या शाळेच्या मीटरपट्टीनं मोजायचं. ज्याचा आकडा जास्त चुकेल त्यानं चहा करायचा.

मी वॅटचं वर्गमूळ काढून सूत्रानं लिहायची. मामा हातात लिहायचे, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. आणि लिहायचे भरमसाट! दीड हात लिहिलं की ठिणगी जेमतेम वीतभर. मी कागद नाचवून दाखवायची. "हवा दमट हाय आज," मामा म्हणायचे आणि उठून चहा ठेवायचे. त्यात आलं इतकं की घसा सोलून निघावा. दोन वर्षांत ते एकदाही जिंकले नाहीत. माणूस इतका कसा चुकतो, याची मला आधी गंमत वाटायची, पुढे पुढे वाईट वाटायला लागलं.

मग त्यांच्या छातीत ठोके नीट ठेवणारं यंत्र बसवलं. डॉक्टरांनी बजावलं, कॉइलच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. मामी तर कधीच्याच गेलेल्या. मुलगी त्यांना नेरळला सातव्या मजल्यावर घेऊन गेली, दुकान बंद झालं, कॉइल आमच्या प्रयोगशाळेत आली. जाताना मामा म्हणाले, "बाई, माजी कॉइल आता आत बसवलीय. तेवढी मोजायला येऊ नका." नवी मोठी टोपी तेवढी त्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि डब्यात चिठ्ठी टाकून झाकण लावलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर पडदे ओढले. डावा हात पाठीमागे. ठिणगी भरली छप्पन्न सेंटीमीटर. माझ्या चिठ्ठीत पन्नास. मामांची उघडली. दोन हात! म्हणजे नव्वद. देवा रे, याही वेळी.

फोन लावला. "किती?" त्यांनी 'हॅलो'ही म्हटलं नाही. मुलांच्या वहीत अर्धा मार्क वाढवायचा तर माझा हात धजत नाही, पण त्या आवाजापुढे मी सरळ सांगून टाकलं, "दोन हात. बरोब्बर. जिंकलात मामा."



"बाई, खोटं कशाला बोलता? त्या टोपीतून सव्वा हाताच्या पुढं नाय जायची ती. बनवतानाच ठाऊक हाय मला."

मी मनात हिशोब केला. सव्वा हात म्हणजे छप्पन्न. "मग चिठ्ठीत दोन का लिहिलंत? दर वेळी असंच?"

"मी खरं लिवलं असतं तर तुमी हरल्या असत्या. चार रविवार हरल्यावर कोण येतं दहिवलीला?"

मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"तुमच्या चिठ्ठीत किती?" त्यांनी विचारलं.

"पन्नास."

"मंग आज हरल्या," मामा म्हणाले. "चहा ठेवा. आलं जरा जास्त."