राजाचं सोनं आणि तिचा साज

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर बसून गवार मोडत होतो. आम्ही एकत्र केलेलं शेवटचं काम तेच. जेवून ती जरा आडवी झाली, आणि चारच्या चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तिला झाला नसेल.

टीव्हीवर इजिप्तच्या एका राजाचं दाखवत होते. हजारो वर्षांपूर्वीचं थडगं. राजा म्हणजे पोरगंच, वीस वर्षांचंही नाही. पेटीत पेटी, तिच्यात पेटी, आणि शेवटी तोंडावर सोन्याचा मुखवटा. पायात सोन्याच्या चपला. रथ, पलंग, खेळ, खाण्यापिण्याचं, सगळं बरोबर पुरलेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. इतिहास मला कळत नाही. पण गुजरीत, सराफांच्या बाजारात, एका सराफाच्या हाताखाली मी चाळीस वर्षं बायकांच्या गळ्यातले साज घडवले. सोनं मला कळतं.

मी म्हणालो, "ते मोठं पेटारं सोन्याचं न्हवं. लाकडावर पत्रा मारलाय."

"तुमाला हितं बसून कसं कळतंय वो?"

"कडा बघ की. झिजलंय तिथं."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, कडंला झिजतंयच." आणि पुढची शेंग मोडली.

टीव्हीतला माणूस सांगत होता, की राजा अचानक मेला म्हणून दुसऱ्या कुणासाठी केलेलं सामान त्याच्याबरोबर घातलं. आधीचं नाव खोडलं, ह्याचं घातलं. ती हसली. "म्हंजे राजाला बी गंडवलंय. आणि मेल्यावर कोण बघाय येतंय." मग एकदम मला म्हणाली, "माझ्यासंगं काय घालणार तुमी?"

"काय पायजे तुला?"

"साज. दुसरं काय हाय माझं?"

"सोनं जाळत न्हाईत," मी म्हणालो.

"मग पुरा मला, त्या राजागत," ती म्हणाली, आणि गवारीचं ताट उचलून आत गेली.

आता खरं सांगतो. तिच्या गळ्यातला साज तांब्याचा होता.

लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती. पोरीच्या गळ्यात साज पाहिजे. जावई साज घडवतो आणि पोरीच्या गळ्यात साज नाही, हे चारचौघांत कसं दिसेल? माझ्या आईनं छाती काढून हो म्हटलं. घरात काय होतं ते आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मग मालक जेवायला गेले की मी त्यांच्याच ठशांवर तांब्याचा पत्रा ठोकायचो. एकेक पान, एकेक मणी. वर सोन्याचं पाणी चढवलं. लग्नात बायका तिच्या गळ्याशी वाकून बघत होत्या आणि म्हणत होत्या, नवऱ्याच्या हाताचा हाय, काम बघा कसं. काम चांगलंच होतं. त्यात खोट नव्हती.

मनात होतं, वर्षा-दोन वर्षांत खरा करू आणि गुपचूप बदलू. वर्षा-दोन वर्षांत मुलगी झाली, मग मुलगा झाला, आणि मग मी ते मनातूनच काढून टाकलं.

सोन्याचं पाणी टिकत नाही. घामानं जातं. म्हणून दर दिवाळीआधी मी साज उजळायला म्हणून घेऊन जायचो आणि पुन्हा पाणी चढवून आणायचो. एवढं सगळं आयुष्य, एकही दिवाळी चुकवली नाही. गल्लीतल्या बायकांना ती सांगायची, "आमचं हे बोलायला लई तिखट, पण साज मातुर सवता उजळून आणत्यात." मी ऐकायचो आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायचो.

ती गेली त्या संध्याकाळी बिद्रीहून मुलगी आली. तोवर शिवाजी पेठेतली आमची सगळी गल्ली दारात उभी होती. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. जो तो मला येऊन सांगत होता, नशीबवान, सवाष्ण गेली. नशीब कुणाचं, हे कुणी सांगितलं नाही. माझं सगळं लक्ष तिच्या गळ्याकडं होतं.

उचलायच्या आधी माझा चुलतभाऊ म्हणाला, "सोनं उतरवून घ्या रं."

मी म्हणालो, "साज ऱ्हाऊ दे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटलं असणार. मुलगा जवळ आला, हळू बोलायला लागला. "बाबा, असं करू नका. तितं राखंत हात घालणारी कमी न्हाईत. आईचा साज कुणाच्या तरी हातात जायाचा."

मुलगी रडत होती, तरी तिला ते ऐकू गेलं. "आईनं मला सांगितलंय, माझ्यामागं साज तुला."

सून डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, घरचा साज घरातच ऱ्हातोय. आमी कुटं पळून चाललोय?"

मढ्यावर हे चाललं होतं. माझ्या तोंडात एकच वाक्य होतं. तांब्याचा आहे. तेवढं म्हटलं असतं तर कुणी हात लावला नसता, आणि तिनं मागितलं ते तिला मिळालं असतं. पण तिच्या माहेरची माणसं समोर उभी होती. तिचा भाऊ उंबऱ्याला टेकून होता. मी वाक्य गिळलं. आयुष्यभर गिळलं, तेव्हाही गिळलं.

मुलीला गाठ सुटेना. शेवटी कात्रीनं दोरा कापला. साज निघाला तशी खाली, गळ्याच्या कातडीवर, हिरवट काळी रेघ दिसली. मुलगी म्हणाली, घामाचं असेल. ओल्या फडक्यानं पुसलं, तरी निघेना. सोन्याची अशी रेघ उठत नाही. रोज आंघोळ करताना, रोज आरशासमोर, ती रेघ तिला दिसत असणार. ती कधी एक शब्द बोलली नाही. की तिला कळलं नाही? मी आता कुणाला विचारू?

पंचगंगेवर शेणींची चिता रचली, मुलानं अग्नी दिला. मुलगी-सून घरीच होत्या. मी ज्वाळांकडं बघितलं नाही, माणसांच्या पायांकडं बघत उभा राहिलो. सगळे अनवाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. चूल बंद, शेजारणीनं आणून दिलेला. मुलीनं साज ताटलीत काढून ठेवला होता. मुलगा म्हणाला, "भांडू नका दोगी. सराफाकडं नेऊ, मधोमध वाटून घ्या. आईच्या दोन लेकीच की तुमी."

"चालतंय," मुलगी म्हणाली. "पण आदी नीट बघून घेऊ, साज त्योच हाय का. रातभर कपाटाची किल्ली हिच्यापाशी होती."

"वन्सं!" सून उभीच राहिली. "काय बोलताय तुमी?"

तेव्हा मला पुढचं दिसलं. सराफ साज हातात घेणार, बघणार, तांबं म्हणणार. मुलगी सुनेकडं बोट करणार. ही तिच्यावर उलटणार. माझ्या मुलाला बहीण राहणार नाही, आणि जी मेली तिच्यावरही कुणीतरी बोट करणार, की म्हातारीनंच मोडून खाल्ला.

मी उठलो. माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. कसोटीचा दगड काढला, तेजाबाची बाटली काढली. साजाचं एक पान उलटं धरून जोरात घासलं, वरचं पाणी जाईपर्यंत घासलं. मग दगडावर रेघ ओढली आणि तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवी फसफसली आणि गेली.

"तांबं हाय," मी म्हणालो. "लग्नापासनं. मीच केलाय. हिनं काय बदलला न्हाय आणि तुमच्या आईनं काय मोडला न्हाय."

मग मुलगा म्हणाला, "म्हंजे तुमी आईला फसवलं."

"व्हय."

"ठाऊक होतं तिला?" मुलीनं विचारलं.

"विचारलं न्हाय मी."

"मग काल सांगायचं हुतं की, बाबा! काल तोंड का उघडलं न्हाई? तिच्या अंगावरनं वरबाडून काढला मी त्यो. कात्री लावली मी!"

सून गुपचूप उठली आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. आता तो कुणालाच नको होता.

मी साज रुमालात बांधला आणि चालत पंचगंगेवर गेलो. जागा अजून ऊन होती, राखेतनं बारीक धूर निघत होता. तिथला माणूस झाडू टेकवून पुढं आला. "पावणं, रक्षा उद्या हाय. आज हात लावायचा न्हाय."

मी रुमाल सोडून दाखवला. "ह्ये राहिलं घालायचं."

"सोनं?" तो मागं सरला. "सोनं नगा बाबा घालू. उद्या राखंत काय घावलं न्हाय तर आमच्यावर येतंय."

"सोनं न्हवं. तांबं हाय."

त्यानं एक पान उचलून उलटं केलं. घासलेल्या जागी लाल दिसलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कुणाचा?"

"बायकोचा."

"मग घाला की," तो म्हणाला. "त्याला कोण हात लावतंय."

काठीनं त्यानं मधली राख जरा बाजूला केली. मी वाकून साज आत ठेवला. बोटं भाजली. तो राख ओढायला लागला, तशी मी त्याच्या हातातनं काठी घेतली आणि राख मीच वर ओढली.