कुठल्या तुम्ही?

मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. विश्रांतवाडीत घराजवळच्या मैदानावर सकाळी माझा वर्ग असतो. जिला यायला जमत नाही तिच्याकडे मी स्वतः जाते. कॉलेजच्या मुली, नव्या सुना, निवृत्तीनंतर हौस जागी झालेल्या शिक्षिका, अशा खूप जणी माझ्या हाताखालून गेल्या. परदेशी बाई मात्र आजवर एकच आली. ती झेक होती. तिचा नवरा हडपसरकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला होता आणि दोघं तिथल्याच एका उंच सोसायटीत राहत होती. कंपनीने गाडी दिली होती, ड्रायव्हर दिला होता. पण कोथिंबीर आणायची तरी आधी फोन करायचा, याला ती कंटाळली होती.

आमचं बोलणं इंग्रजीत चाले. माझं तुटकं, तिचं सावकाश. भाषा दोघींनाही परकीच, त्यामुळे चुकायची लाज कोणालाच नव्हती. ती चाळिशीची, उंच, अंगाने काटक. लहानपणापासून सायकलवर हिंडलेली, म्हणून तोल लगेच सापडला. तिची अडचण गाडीची नव्हतीच, माणसांची होती.

हे मला कळलं ते तिला पहिल्यांदा भर रहदारीत काढलं तेव्हा. मी मागे बसले होते. जरा पुढे गेलो नाही तोच एक रिक्षावाला शेजारी आला आणि तिच्याकडे बघून ओरडला. मग मोटरसायकलवरचा एक जण हातवारे करत गेला. पाठोपाठ तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी आमच्या बरोबरीने येऊन पायाकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाली. हिने घाबरून गाडी कडेला घेतली. मी काय गुन्हा केला, हे सगळे माझ्यावर का चिडलेत, असं ती विचारत होती. मी खाली पाहिलं. स्टँड वर घ्यायचं राहिलं होतं, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी तिला समजावलं, की इथे कोणाचं स्टँड खाली राहिलं, कोणाची ओढणी चाकाजवळ लोंबायला लागली, तर अनोळखी माणूस आपली वाट सोडून, पाठलाग करून सांगतो. सांगताना चेहरा गोड ठेवायचा असतो, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

तिने पायाने स्टँड वर घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते मला वाचवत होते?"

"हो."

"मग असे रागावलेले का दिसत होते?"

"पुण्यात काळजी करणारा माणूस तसाच दिसतो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ती गाडीपेक्षा माणसांबद्दलच जास्त विचारायला लागली. तिच्या गावी डॉक्टरच्या दवाखान्यात शिरलं की आत बसलेल्या सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा, सगळ्यांनी तो परत करायचा, आणि मग आपला नंबर येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. निघताना पुन्हा सगळ्यांचा निरोप घ्यायचा. लिफ्टमध्येही तसंच. इथे लिफ्टमध्ये ती रोज नमस्कार करायची, तर लोक दचकायचे आणि उलट नमस्कार करायचं विसरायचे. पण तळमजला येईपर्यंत विचारून घ्यायचे: कोणत्या देशाच्या, नवरा काय करतो, जेवण कोण बनवतं, मुलं किती. तिने लिफ्ट सोडून दिली होती. एवढे मजले ती जिन्याने चढत-उतरत होती. मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. खरंच की, आम्ही नमस्कार करत नाही, आम्ही थेट चौकशीला हात घालतो.

तिच्या घाबरण्याला कारण होतं. ती लहान असताना तिच्या देशात कम्युनिस्टांची राजवट होती. खोदून खोदून विचारणारा माणूस सगळं पोलिसांना कळवणारा असू शकतो, हे घरोघरी मुलांना शिकवत. तिची आजी म्हणायची, सगळ्यांना नमस्कार कर, कोणाला काही सांगू नकोस, आणि कोणाला काही विचारूही नकोस, बिचाऱ्याला उत्तर द्यायची पाळी येईल. म्हणजे समोरच्याला न विचारणं ही त्यांच्याकडची माया.

मला ही माया फार आवडली. का, ते सांगते. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, वडील सरकारी नोकरीत होते, मी विश्रांतवाडीतच वाढले. आमच्या गल्लीत मला माझी ओळख द्यावी लागत नाही. पण गल्लीबाहेर कोणी आपुलकीने चौकशी सुरू केली, कुठल्या तुम्ही, मूळ गाव कोणतं, की पुढचा प्रश्न आडनावाचा असणार हे मला ठाऊक असतं. उत्तर दिल्यावर बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधीकधी समोरची बाई "अच्छा, अच्छा" म्हणते आणि तिचं बोलणं जरासं आखडतं. त्याबद्दल तक्रार करता येत नाही, कारण बोट ठेवायला काही सापडतच नाही. पण मला ते दर वेळी कळतं. या झेक बाईने महिना झाला तरी माझं आडनाव विचारलं नव्हतं. "ताई म्हण" म्हटलं तर ताई म्हणायला लागली. तिच्याबरोबर असले की मला मोकळं वाटायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा मी तिला हडपसरपलीकडे मांजरी गावाच्या बाजूला न्यायला लागले. तिकडे नव्या इमारतींच्या मधेमधे अजून ऊस आहे आणि सकाळी रस्ते जरा रिकामे असतात. एके दिवशी ती एकटी पुढे चालली होती, मी माझ्या गाडीवर मागे. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला, ट्रॉलीतून ऊस दोन्हीकडे बाहेर आलेला. तिने घाबरून गाडी फार कडेला घेतली, चाक भुसभुशीत मातीत रुतलं आणि ती गाडीसकट शेताच्या कडेच्या पाण्याच्या चारीत आडवी झाली.

मी पोचेपर्यंत माणसं जमली होती. एकाने गाडी उभी केली. एकाने बाटलीतलं पाणी तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर ओतलं. ट्रॅक्टरवाला खाली उतरून, रस्ता एवढा मोकळा असताना चारीतच का जायचं होतं, असं तिला मराठीतून विचारत होता. धोतरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हिला गाडी कोन शिकवतंय?"

"मी."

"दिसतंय," ते म्हणाले. मग त्यांनी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि वाकडं झालेलं हँडल हिसका देऊन सरळ केलं.

तेवढ्यात शेतातल्या घरातून एक म्हातारी आली. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला. तिने गर्दीला बाजूला केलं. "रस्त्यावर काय तमाशा हाय का? आत आन तिला." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने झेक बाईचा हात धरला.

ओसरीवर बाज होती. म्हातारीने तिला तिथे बसवलं आणि गुडघ्यावर हळद दाबली. ही कळवळली, पण पाय काढून घेतला नाही. सुनेने गुळाचा चहा आणला. मग प्रश्न सुरू झाले आणि मी दुभाषी झाले. कोणता देश, किती लांब, तिकडे ऊस होतो का. ऊस होत नाही, आमच्याकडे बिटापासून साखर करतात, असं तिने सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी नीट सांगत नाही असं तिला वाटलं असावं. "बिटाची साखर," ती सुनेला म्हणाली, "ऐकलंस का," आणि तोंडाला पदर लावून हसली.

मग तिने विचारलं, पोरंबाळं किती.

हा प्रश्न टाळून दुसरंच काही सांगावं असं माझ्या मनात आलं. पण चौकशीत हा प्रश्न कधी येतो ते लिफ्टमुळे झेक बाईला ठाऊक झालं होतं. ती म्हणाली, सांग त्यांना. दोन वेळा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. दुसरं तर दिवस भरत आले असताना गेलं. मी ते मराठीत सांगितलं. सांगताना मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

म्हातारीने कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "माजं पयलं असंच गेलं. नाव बी ठिवलं नव्हतं." तिने झेक बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी भाषांतर केलं नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

मग म्हातारी माझ्याकडे वळली. "आन तू कुठली?"

मी विश्रांतवाडी सांगितलं. मूळ गाव विचारलं, तेही सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं, आणि सवयीने तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हायेत की आमच्या गावात बी त्या आडनावाची," ती म्हणाली. "त्यांच्यातली एक माजी मैतरीण. दोगी मिळून खुरपायला जायचो. गेली बिचारी." मग आत वळून सुनेला म्हणाली, "भाकरी टाक गं. जेवल्याबिगर जायच्या न्हाईत ह्या."

आम्ही नको नको म्हणत होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही. पिठलं, भाकरी, कांदा. म्हातारी माझ्या शेजारीच जेवायला बसली. माझी भाकरी जरा कडक झाली होती. ती तिच्या नजरेतून सुटली नाही. तिने आपल्या ताटातली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली. "ही मऊ हाय, ही खा."

एका जेवणाने जग बदलत नाही, हे कळण्याइतकं माझं वय झालं आहे. पण ती भाकरी मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

परत निघालो तेव्हा थोडं पुढे गेल्यावर झेक बाईने गाडी थांबवली. मला वाटलं गुडघा दुखतोय. ती म्हणाली, लिफ्टमध्ये मी नुसतं नाहीत म्हणून सांगते, पण माझ्या माणसांनी इतक्या वर्षांत मला हे कधीच विचारलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनेही नाही. विचारलं तर मला त्रास होईल असं तिला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. आणि मग तिने विचारलं, की शेवटी म्हातारी तुझ्याशी बोलत होती तेव्हा तू अशी का बसली होतीस, डॉक्टरने रिपोर्ट उघडल्यासारखी.

मी तिला आडनावाचं सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून जेवढं सांगता येईल तेवढंच. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला कधीच विचारलं नाही."

"म्हणून तर तुझ्याबरोबर मला बरं वाटतं."

तिने हेल्मेट काढून आरशावर अडकवलं. मग म्हणाली, "आता विचारू?"

मी सांगितलं. त्यात एक ळ आहे. तो तिच्या जिभेवर येईना. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते, शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. माझ्या आडनावात कोणाला फक्त ळ अवघड गेला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी तिला जमलं तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

पुढे तिला लायसन्स मिळालं. ती पुन्हा लिफ्टने जायला लागली. लोकांना उत्तरं द्यायला आणि त्यांना उलट प्रश्न विचारायलाही शिकली. शेजारच्या आजोबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सोसायटीत सगळ्यात आधी तिला ठाऊक होती, हे मला तिथल्या वॉचमननेच सांगितलं. प्रत्येक वेळी ती आधी नमस्कार मात्र करायची, आणि लोकही तो परत करायला शिकले.

हळद लावून घ्यायला आता जखम उरली नव्हती, तरी आम्ही मांजरीच्या त्या घरी पुन्हा गेलो. निघताना सुनेने मला दारापाशी गाठलं आणि हळूच विचारलं, मला शिकवाल का. सासूने ते ऐकलं. "कशापायी? चारीत पडायला?" असं म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात सुनेसाठी तिच्या दिराची गाडी मागून ठेवली. उन्हाळाभर मी तिकडे जात होते. सून शिकली. हडपसरच्या बाजारात पहिल्यांदा गेली ती सासूला मागे बसवूनच. परत आल्यावर भीती वाटली का, असं मी विचारलं तर म्हातारी म्हणाली, "भ्या कशाचं? आता आळंदीला जायचं हाय. तुजं घर वाटंवरच हाय न्हवं? येताना च्याला येतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते. पण आल्या दोघी. सून गाडी लावत होती तोवर म्हातारी माझ्या शेजारणीच्या पायरीवर टेकली होती आणि तिच्या गुडघेदुखीची सगळी हकिगत ऐकून घेत होती. मी चहा ठेवला आणि झेक बाईला फोन करून बोलावलं. ती पोचली तेव्हा म्हातारीने पायरीवर जरा सरकून तिला जागा करून दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, जेवलीस का.