झाकणावरचं नाव

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरीच्या बसमध्ये होते. "एकाएकी झालं मावशी," भाची म्हणाली. मला ते पटलं नाही. माझी थोरली बहीण एकाएकी काही करणाऱ्यांतली नव्हतीच...

परभणीच्या कॉलेजात ती प्राणीशास्त्र शिकवायची आणि डिशमध्ये सूत्रकृमी पाळायची, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. त्यांच्या अंड्यांसाठीचा बलक मादीच्या आतड्यात तयार होतो. नरातही ती जनुकं असतात, पण दुसरं एक जनुक त्यांना दाबून ठेवतं. ते बिघडवलं की नरही बलक करू लागतो का, हे अक्का तपासत होती. एकदा नरांच्या डिशमध्ये बलक दिसला आणि तिच्या विभागाच्या सरांनी पेढे मागवले. अक्कानं पेढ्याला हात लावला नाही. "नाव झाकणावर लिवलंय. झाकण कोन्याबी डिशवर बसतंय. नाव बुडाला पायजे." पुन्हा तपासलं, तर खरंच झाकणांची अदलाबदल झालेली, डिश माद्यांची होती. सर पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. घरीही तीच तऱ्हा, डब्यांची नावं बुडाला. "आमच्याकडं जिरंबी झडतीशिवाय मिळत न्हाई," दाजी म्हणायचे.

दिवाळीपासून ती वाळत चालली होती. "अक्का, काय लपवायलीस?" मी विचारलं. "काय न्हाई गं, पित्त हाय." आणि लगेच सूत्रकृमींवर आली. अंडी संपली तरी मादी बलक करतच राहते, स्वतःचं आतडं झिजवून... विषय बदलायची तिची ही खोड मला पाठ होती. जेवण झालं की ओवा खायला म्हणून ती एकटीच आत जायची. पित्ताला कुणी ओवा खातं? तिची पर्स, कपाट, उशीखालची जागा, मी सगळं चाचपलं. ओव्याचा डबाही दिसला होता. झाकणावर 'ओवा' लिहिलेलं, म्हणून पुढे गेले.

तेरवीनंतर डबे घासायला काढले, तेव्हा तोच हाती आला. तिच्या घरात झाकणावर नाव? उलटा केला. बुडाला बारीक अक्षरात गोळ्यांचं नाव होतं, आत कॅन्सरच्या उरलेल्या गोळ्या. दाजींकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ठाऊक होतं का, मी अजून विचारलेलं नाही. मला रडू यायच्या आधी रागच आला. साऱ्या घराला तिनं बूड बघायला शिकवलं, आणि माझी मात्र झाकणावर बोळवण केली.

डबा मी माझ्या घरी, बोरीला आणलाय. आता त्यात खरोखरचा ओवा आहे. तरी उघडण्याआधी मी तो उलटा करून बघते.