राजाची शपथ

लेखणी फार उशिरा हाती घेतली आहे. हे धाडस वाचकांनी क्षमा करावे. भिवपुरीजवळच्या शाळेत मी अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. प्रजा राजाची असते, नागरिक देशाचा असतो, हे वाक्य वर्गाइतकेच घरीही ऐकवले. गेल्या महिन्यात माझी मुलगी कॅनडाची नागरिक झाली आणि तिथल्या रीतीप्रमाणे तिने राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली.

शेजारच्या काकी हसत म्हणाल्या, "गं बाई, सगल्यांना लोकशाही शिकवलीस, नि तुजीच पोर राजाची रयत झाली!"

फोनवर मी मुलीला तेच सांगितले.

"आई, राजा नावालाच गं. आपल्या राष्ट्रपतींसारखा."

"आपले राष्ट्रपती निवडून येतात."

"तू कुठे दिलं होतंस त्यांना मत?"

ते मत आमदार-खासदार देतात, हे मीच तिला शिकवले होते.

कॅनडा तिला दोन देशांची नागरिक राहू देतो. आपला कायदा देत नाही. आता ती येईल, हवे तितके दिवस राहील, पण मतदान करू शकणार नाही. पूर्वी मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी बांधावरून शाळेकडे जायचो. परतताना ती आपले बोट माझ्या बोटाशेजारी धरून कोणाची शाईची रेघ जाड आहे ते पाहायची. ती परत आली की पुन्हा तसेच जाऊ, ही आशा मी इतकी वर्षे जपली होती.

मत नसले, तरी माणूस गावचा राहतो का?