कोणाला बोलावू?

"हाड चांगलं जुळून राहिलं आहे," डॉक्टर एक्स-रे पाहत म्हणाले, "पण काकूंना डिप्रेशन आहे. म्हणजे मन खचलंय. तोही आजारच."

"असं कसं डॉक्टर?" सून म्हणाली. "घरी रोज भेटायला लोक येतात. यांना एकटं तर आम्ही सोडतच नाही."

खरंच होतं ते. एकटं कोणी सोडतच नव्हतं.

न्हाणीत पाय घसरून माझं मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला. घरी आल्यावर मुलाने पलंग समोरच्या खोलीत लावला, आईला करमेल म्हणून. तेव्हापासून दार उघडंच. सदर बाजारातल्या नणंदबाई, यांच्या ऑफिसातले जुने लोक, सगळे यायचे. खुर्ची माझ्या उशाशी ओढायचे आणि मुलाशी बोलायचे. "जेवते का ही?" कोणी त्याला विचारायचं. नणंदबाई सांगायच्या, "आमच्या जाऊबाई अशाच पडल्या, मंग उठल्याच नाही."

बोलणं नकोसं झालं की माणूस काही निमित्त काढून आत जातो. मला कूसही वळता येत नव्हती. मी डोळे मिटून घ्यायची, तर म्हणायचे, "पाहा, किती थकली." हळूहळू माझं जेवण सुटलं, मग बोलणंही.

डॉक्टरांनी सुनेला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "तुम्हाला कोणाला भेटावंसं वाटतं?"

मला रडूच आलं. म्हटलं, "शकुनले बोलवा."

शकुन मूळची छत्तीसगढची, मागच्या गल्लीत राहते. दुपारी आम्ही पत्ते खेळायचो आणि भांडायचो; घरच्यांना ते फारसं आवडायचं नाही. मी पडल्यापासून घरातली गर्दी पाहून ती दारातूनच परत जायची.

गोळ्या सुरू झाल्या आणि शकुनही आली. पायाचं तिने विचारलंच नाही. पत्ते पिसले, वाटले आणि थोड्या वेळाने ओरडली, "तैं बेईमानी करथस, दीदी!"

"मी काहून करू? तूच पान लपवून राहिली!"

माझा आवाज ऐकून सून धावत आली. मी म्हटलं, "चहा ठेव. मलेही."

अजून वॉकर आहे, गोळी आहे. संध्याकाळी जीव कोंडल्यासारखा होतोच. पण पलंग आतल्या खोलीत गेला. कोणी येणार असलं की मुलगा आधी मला विचारतो. परवा मी "नको" म्हटलं. नणंदबाई रागावल्या. रागावू देत.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कोणी असं पडून असेल, तर त्यालाही विचारा. त्याने घेतलेलं नाव तुम्हाला आवडलं नाही, तरी बोलवा.