अण्णांची कवळी

वडिलांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना प्राचीन इजिप्तवरचं एक पुस्तक वाचून दाखवत असे. प्रेत मिठात सुकवायचे हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हंजे माणसाचं लोणचंच की." मेंदू नाकातून ओढून टाकून द्यायचे, काळीज मात्र जागेवर ठेवायचे, हे कळल्यावर माझ्याकडे बघून हसले. "बघ. तुझं एवढं वाचून काय उपयोग?"

एक गोष्ट मात्र मी त्यांना वाचून दाखवली नाही. मेलेल्याचा जीव पक्षी होऊन बाहेर हिंडतो. परत येतो तेव्हा त्याला आपला देह ओळखता यावा लागतो. म्हणून ते लोक चेहरा जपत.

अण्णा गेले तेव्हा धाकटी बहीण दुबईत होती. तिला यायला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती. तोवर भाड्याने आणलेल्या थंड पेटीत अण्णांना ठेवलं. दवाखान्यात काढलेली कवळी माझ्या हातात आली तेव्हा त्यांचा जबडा आखडला होता. गाल आत गेले होते, नाक वर आलं होतं. काचेतून कुणी परकाच म्हातारा दिसत होता. बहिणीला हा माणूस ओळखू आला नाही तर?

मी कवळी घेऊन पेटीजवळ गेलो, तशी सांगोल्याहून आलेली चुलती म्हणाली, "काय करतोस रं?"

"काकू, जरा बसवून बघतो."

"ठेव ती. जाळायच्या माणसाला दात कशाला? तितं काय हुरडा खायाचाय व्हय?"

दारातलं कुणीतरी हसलं. मी कवळी वाटीतल्या पाण्यात ठेवली.

सकाळी लाइट गेली. पेटीची घरघर थांबली आणि घरभर उकाडा जाणवू लागला. बर्फाच्या लाद्या मागवल्या. काचेवर सारखा दमट थर चढत होता. मी पुसत राहिलो. इंदापूर सोडल्याचा बहिणीचा फोन आला, तेव्हा मी पुन्हा वाटीतल्या कवळीकडे पाहिलं.

ती आली तेव्हा झाकण काढलं. मी डोक्याशी उभा होतो, काय बोलायचं ते ठरवून. ती माझ्याकडे आलीच नाही. थेट पायाशी बसली, चादर सारली. लहानपणी मेंढरांमागे असताना कुऱ्हाड लागून अण्णांच्या पायाची करंगळी अर्धी तुटली होती. तिच्यावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "किती गार पडलेत पाय." मग तिथेच कपाळ टेकलं.

लेक आधी पाया पडणार, हे कालपासून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती चेहऱ्याकडे आली. "दादा, कवळी कुठंय?"

मी वाटी दाखवली. तिने कवळी काढून ओढणीच्या टोकाने पुसली. "ही नसली की अण्णांचं बोलणं कुणाला कळायचं नाही. तिथं काही सांगायचं झालं तर?"

मी चुलतीकडे पाहिलं. ती उठली, कनवटीचा रुमाल बहिणीपुढे धरला.

"नीट गुंडाळ," म्हणाली. "पडंल वाटंत."